न बघता बरोबर

'प्रेशर' हा शब्द इंग्रजी आहे असं कुणी म्हटलं तर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. कुकरचं प्रेशर गेलं की नाही हे बघूनच झाकण उघडायचं असतं. डॉक्टर 'जरा प्रेशर बघू या' म्हणाले की शर्टाची बाही वर करायची असते. आणि मार्च महिन्यात आमचे मॅनेजरसाहेब 'वरून फार प्रेशर आहे' असं म्हणाले, की पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. बंद भांड्यात कुठेही दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, असा पास्कलचा एक नियम आम्हाला शाळेत होता. पास्कलनं बँकेत नोकरी केलेली नव्हती. आमच्याकडे तो फक्त खालीच येतो.

आता प्रेशर किती आहे, हे काटा सांगतो. पण काटा खरं सांगतो की नाही, हे कोण सांगतो? बी.कॉम. होताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तरी मी तो ऑप्शनला टाकला असता. पण आमच्या ताईचा मुलगा या प्रश्नावरच पोट भरतो. तो भोसरीत एका लहानशा कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये आहे. लोकांची मुलं अमेरिकेत नेमकं काय करतात हे त्यांच्या आईबापांना सांगता येत नाही, आमच्या ताईला भोसरीतला मुलगा काय करतो हे सांगता येत नाही. 'काटे तपासतो' एवढंच ती सांगते. तेव्हापासून कोपऱ्यावरचा वाणी तिला साखर जरा झुकत्या मापानं देतो.

या भाच्याकडे एक हातपंप आहे. हातपंप म्हटल्यावर आमच्या हिच्या डोळ्यांपुढे गावच्या बोअरिंगचा दांडा आला. प्रत्यक्षात त्यानं पिशवीतून काढलं ते प्रकरण एखाद्या दणकट अडकित्त्यासारखं होतं. दोन दांडे मुठीत धरून दाबत जायचं, आत हवा दाबली जाते. पंपाला दोन तोंडं. एका तोंडाला आपला खात्रीचा गेज लावायचा, दुसऱ्याला संशयित. दोघांच्या पोटात हवा एकच, तेव्हा दाबही एकच. मग दोघांचे आकडे शेजारीशेजारी लिहायचे. बारीक फरक करायला एक फिरकी असते आणि शेवटी हवा सोडायला एक झडप. बस्स, एवढंच. साक्षीदार आणि आरोपी यांना एकाच पिंजऱ्यात उभं करून एकच प्रश्न विचारायचा.

"मग तेल का नाही वापरत?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"मोठ्या दाबाला वापरतात, मामा. हातानं हवा साधारण तीस-चाळीस किलोपर्यंत दाबायची, त्यापुढे तेल नाहीतर पाणी. पण तेल आत राहतं. उद्या तोच गेज ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावला तर आग लागायची."

किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किलोभर वजनाचा दाब. कारखान्यात एवढं लांबण कुणी लावत नाही, 'सात किलो प्रेशर' म्हणतात आणि कामाला लागतात.

गेजच्या पोटात काय असतं तेही त्यानं दाखवलं. जत्रेत एक पिपाणी मिळते. फुंकली की कागदाची गुंडाळी सरळ होऊन समोरच्याच्या नाकावर बसते. तसंच. अर्धवट वाकवलेली एक चपटी पितळी नळी, आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते, तिचं टोक हलतं, टोकाला जोडलेलं दातेरी चक्र फिरतं आणि तबकडीवरचा काटा सरकतो. पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ यानं १८४९ साली याचं पेटंट घेतलं. म्हणजे दाब आला की वाकलेला ताठ होतो, यावर हे सगळं यंत्र चालतं. दाब आला की ताठ माणूस वाकतो, हेच मी वीस वर्षं पाहत आलो असल्यामुळे मला बूर्दाँबद्दल फार आदर वाटला.

पण ही नळीही थकते. कंपनं बसतात, दाते झिजतात, आणि काटा हळूहळू वेगळं बोलू लागतो. त्याचा खोटं बोलण्याचा काही हेतू नसतो. त्याला ठाऊकच नसतं. म्हणून वर्षातून एकदा तपासायचं.

या तपासणीचे काही नियम आहेत आणि ते मला कुठल्याही नीतिपाठापेक्षा बरे वाटले. पहिला नियम, घाई करायची नाही. सायकलचा पंप मारताना त्याचं बूड तापतं हे ठाऊक असेलच. इथेही हवा दाबली की तापते, मग निवते, आणि निवताना दाब जरा उतरतो. नवशिक्याला वाटतं, कुठेतरी गळती आहे. जाणता माणूस मिनिटभर थांबतो. तापलेल्या अवस्थेतला आकडा लिहायचा नाही. (हा नियम संसारात पाळला तर कितीतरी संवाद झालेच नसते.)

दुसरा नियम, चढताना तपासायचं आणि उतरतानाही. शून्य, अडीच, पाच, साडेसात, दहा, आणि तसंच परत. कारण चढताना पाच किलोला काटा जे दाखवतो, तेच उतरताना दाखवतो असं नाही. यात मला नवल वाटलं नाही. पगार चढत चढत पन्नास हजारांवर येतो तेव्हाचा चेहरा आणि निवृत्तीनंतर उतरून पन्नास हजारांवर येतो तेव्हाचा चेहरा, आकडा एकच असला तरी एक नसतो.

तिसरा नियम सगळ्यांत कडक. गेज चुकलेला आढळला तर आधी ती चूक लिहायची, मगच हात लावायचा. आधी गुपचूप काटा सरळ करून मग 'बरोबर आढळला' असं लिहायचं नाही. कारण गेज चार महिने चुकत होता असं कळलं, तर त्या चार महिन्यांत त्याच्या भरवशावर काय काय झालं तेही शोधायला हवं. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. कॅलिब्रेशन म्हणजे नुसतं किती चुकतंय ते नोंदवणं. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटं वरून चालत असे आणि 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर तो खाली टेकला म्हणतात. भाच्याच्या भाषेत त्या दिवशी रथाचा काटा शून्यावर आला. व्यासांनी मात्र आधीची चार बोटं लिहून ठेवली. नियमाप्रमाणे.

हे सगळं कौतुक एका शनिवारी संध्याकाळी एकदम गंभीर झालं. भाचा आला तो चहाचा कप हातात धरून नुसताच बसला.

त्याच्या लॅबचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. त्या कारखान्यात हवेच्या लाइनवर सोळा गेज. पाच वर्षं हाच ते तपासत होता आणि पाचही वर्षं सोळाच्या सोळा बरोबर निघालेले. मालकांकडे त्या आठवड्यात ऑडिट होतं. ते म्हणाले, "सोळा गेज काढायचे म्हणजे लाइन बंद. अर्धा दिवस काम बंद. कशासाठी? मागच्या वर्षीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करा आणि सर्टिफिकेट देऊन टाका. पैसे पूर्ण घ्या. मी खोटं लिहायला सांगत नाही हो. गेज बरोबरच आहेत!"

आणि माणूस लबाड नव्हता, हीच पंचाईत होती. लबाड माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. ते निम्म्याहून अधिक खरंच बोलत होते. शिवाय दोन गेज काढायची त्यांची तयारी होती. "शितावरून भाताची परीक्षा करा की!" ते म्हणाले होते. लॅबचे मालक म्हणाले, "तू बघ. तुझी सही आहे." वरिष्ठ मंडळी 'तू बघ' म्हणतात तेव्हा त्यांना स्वतःला बघायचं नसतं, हे मी बँकेत शिकलो आहे.

"मामा," भाचा म्हणाला, "समजा गेज खरंच बरोबर आहेत. मग मी बरोबर लिहिलं तर खोटं काय लिहिलं?"

हा प्रश्न कठीण होता. खोटं बोलू नये, हे लहानपणी सगळ्यांना शिकवतात. पण न बघता खरं बोलू नये, असं कुणी शिकवलेलं मला आठवत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना प्रश्न विचारला की तास भरतो, म्हणून आम्ही सहसा विचारत नाही. त्या दिवशी बोलावून आणलं.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "समजा, भिंतीवरचं घड्याळ पाच दहाला बंद पडलंय. तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही वर बघता, पाच दहा. आणि योगायोगानं खरोखरच पाच दहा झालेले आहेत. तुमचं उत्तर बरोबर. पण किती वाजले हे तुम्हाला कळलेलं होतं का?"

"चहा टाकायची वेळ झाली एवढं कळतं," ही आतून म्हणाली आणि बाहेर आली. "आणि ते शिताचं सांगते. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका पातेल्यातला भात असतो म्हणून. सोळा पातेली निरनिराळ्या चुलींवर असली तर सोळा शितं बघावी लागतात. एवढं त्या कारखानदाराच्या बायकोला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं."

प्राध्यापक तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या नोकरीच्या काळात हा मुद्दा इतक्या स्वस्तात त्यांना कुणी दिला नसावा.

मग मी बँकेचं सांगितलं. काउंटरवर एखादे सभ्य गृहस्थ शंभर नोटांची गड्डी देतात. गड्डीवर दुसऱ्या बँकेची पट्टी, शिक्का, सही. आमचा कॅशियर पट्टी काढून मोजायला लागतो. गृहस्थ दुखावतात. "माझ्यावर विश्वास नाही?" आता गंमत अशी, की कॅशियरचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास असतो. नोटा शंभरच निघणार हेही त्याला ठाऊक असतं. पण तो मोजतो, कारण त्यानंतर पट्टीवर सही त्याची पडणार आहे, आणि ती सही बघून पुढच्या दहा जणांनी मोजायचं नाही की मोजायचं हे ठरवायचं आहे. 'मला शंभर वाटल्या' अशी सही नसते. सहीचा अर्थ 'मी मोजल्या' असा असतो.

"म्हणजेच," प्राध्यापक म्हणाले, "सर्टिफिकेटवर दोन वाक्यं असतात. गेज बरोबर आहे, हे एक. आणि मी बघितलं, हे दुसरं. पहिलं खरं असेलही. दुसरं खोटं आहे. आणि पैसे दुसऱ्याचे मिळतात."

मग त्यांनी पास्कलची गोष्ट सांगितली. हा शाळेतला पास्कल हवेच्या दाबाच्या मागे लागला होता. तोरिचेल्ली या इटालियन पंडिताच्या प्रयोगात नळीतला पारा एका ठरावीक उंचीवर तरंगून राहतो हे दिसलं होतं. हवेचं ओझं त्याला वर धरून ठेवतं म्हणतात, तर डोंगरावर हवा कमी, तिथे पारा उतरायला हवा. पास्कलची प्रकृती नाजूक, शिवाय तो पॅरिसला. म्हणून त्यानं काम दाजींवर सोपवलं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला डोंगर चढायला लावण्याचं विज्ञानातलं एवढं मोठं उदाहरण दुसरं नसेल. हे पेरिए नावाचे दाजी १९ सप्टेंबर १६४८ रोजी क्लेरमाँ गावाजवळच्या प्युई द दोम या डोंगरावर मंडळींसह चढले. वर पारा तीन इंचांहून जास्त उतरला. दाजी धन्य झाले, शास्त्र धन्य झालं.

"पण माझा नायक खाली आहे," प्राध्यापक म्हणाले. "निघण्यापूर्वी पेरिएनं दोन नळ्या शेजारीशेजारी ठेवून सारख्या आहेत ना ते पाहिलं. एक वर नेली, दुसरी गावातल्या मठात शास्तँ नावाच्या पाद्रीबुवांपाशी ठेवली. दिवसभर हिच्याकडे बघत बसा, पारा हलतो का ते सांगा. बुवा दिवसभर बसले. पारा जराही हलला नाही. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, हलला नाही."

प्राध्यापक थांबले. तर्कशास्त्राचा माणूस थांबला की समजावं, विधान आलं.

"आता बघा, बुवांनी दुपारी जेवून ताणून दिली असती आणि संध्याकाळी 'हलला नाही' म्हणाले असते, तरी ते खरंच ठरलं असतं. शब्द तेच, पारा तोच. पण वरच्या डोंगरावरच्या तीन इंचांना मग काही किंमत उरली नसती. पारा वर चढल्यामुळे उतरला की त्या दिवशी हवाच तशी होती, कुणी सांगावं? बुवा जागे होते, म्हणून दाजींचा डोंगर चढणं कामी आलं."

भाच्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेवढ्यात प्राध्यापकांनी, जात्याच प्राध्यापक असल्यामुळे, उलटा प्रश्न टाकला. "पण तुझा तो खात्रीचा गेज, त्याची खात्री कोण देतं?"

"तो दर वर्षी मोठ्या लॅबला जातो. तिथे वजनं ठेवून दाब तयार करतात. दट्ट्याचं क्षेत्रफळ ठाऊक, वर वजन किती ते ठाऊक, झाला दाब."

"आणि ती वजनं?"

"ती तपासत तपासत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जातात."

"आणि दिल्लीचं?"

इथून पुढचं मला ऐकून माहीत होतं, आणि त्यात कुलपं असल्यामुळे बँकवाल्याला आवडण्यासारखं होतं. पॅरिसजवळ सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा काचेच्या तीन घंटांखाली ठेवलेला आहे. तळघराला तीन किल्ल्या, तीन वेगवेगळ्या माणसांकडे. (आमच्या स्ट्राँगरूमला दोनच.) १८८९ पासून तो ठोकळा म्हणजे जगाचा किलो. त्याची ५७ नंबरची प्रत दिल्लीला. पुढे मोठ्या ठोकळ्याची त्याच्या प्रतींशी तुलना केली, तेव्हा शंभरेक वर्षांत साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. आता ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या? नियमाप्रमाणे ठोकळा चुकूच शकत नव्हता, कारण किलो म्हणजेच तो. साहेब हलले तर बाकी सगळा स्टाफ चुकला, अशातला प्रकार. अखेर २० मे २०१९ पासून त्याला निवृत्त केलं आणि किलो प्लांकच्या स्थिरांकावर बांधला. तो आकडा माणसांनीच बैठकीत पक्का केला.

"म्हणजे शेवटी विश्वासच!" प्राध्यापक विजयी मुद्रेनं म्हणाले.

"असू दे की," भाचा म्हणाला. संध्याकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पण विश्वास म्हणजे काय, तर मी नाही बघितलं, दुसऱ्या कुणीतरी बघितलंय. दिल्लीवाल्यानं बघितलं, मोठ्या लॅबवाल्यानं बघितलं, आणि शेवटी मी. मी न बघता लिहिलं तर त्या सगळ्यांचं बघणं माझ्यापाशी येऊन संपलं. खाली कारखान्यात टाकीशेजारी उभं राहणाऱ्या माणसाकडे नुसता कागद जाणार. तो तर बिचारा काट्याकडे बघून उभा असतो. त्याला वाटतं, काट्याकडे कुणीतरी बघितलंय."

यावर कुणीच काही बोललं नाही. चहा झाला होता, तो आम्ही प्यायलो.

भाच्यानं बाणेदारपणे राजीनामा वगैरे दिला नाही. हप्ते चालू असलेली माणसं बाणेदारपणा जरा बेतानंच करतात. त्यानं मालकांना फोन करून सांगितलं, "न बघता नाही लिहिता येणार. पण उद्या रविवार, तुमची लाइन बंदच असते. मी येतो." रविवारी सकाळी हिच्या पुरणपोळीवर पाणी सोडून तो शिडी, पाने आणि अडकित्ता घेऊन गेला. सोळा गेज काढले, दाबले, थांबला, चढवले, उतरवले, लिहिले, पुन्हा बसवले. रात्री नऊ वाजता परत आला तेव्हा त्याच्या मुठी वळत नव्हत्या.

ही कथा असती तर सोळावा गेज चुकीचा निघाला असता, सोमवारी टाकी फुटली असती आणि मालकांनी डोळ्यांत पाणी आणून भाच्याचा हात धरला असता. तसं काही झालं नाही. सोळाच्या सोळा बरोबर होते. मालक म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो?" आणि रविवारच्या जादा चार्जवरून घासाघीस केली.

"म्हणजे दिवस फुकट गेला की रे," ही पोळी वाढता वाढता म्हणाली. माझाही कॉमर्सचा हात आपोआप नफातोटा मांडायला लागला होता. पण मग पाद्रीबुवा आठवले. एखादा गेज चुकलेला निघाला असता, तर आपण म्हणालो असतो, बरं झालं तपासलं, फायदा झाला. पण तपासणं योग्य आहे ते चूक सापडते म्हणून असेल, तर चूक न सापडलेल्या प्रत्येक दिवशी ते अयोग्य ठरेल. बुवांना दिवसभरात काहीच सापडलं नव्हतं. 'काही नाही' हेच त्यांनी प्रामाणिकपणे मिळवलं होतं. मालक 'बरोबर' म्हणत होते ते आठवणीनं. भाचा 'बरोबर' म्हणाला ते हात दुखवून. उच्चार सारखाच.

भाचा तपासलेल्या प्रत्येक गेजवर एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर 'हा गेज खरा आहे' असं लिहिलेलं नसतं. तपासल्याची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख, दोनच ओळी. मला ही नम्रता आवडते. त्या दिवशी बरोबर होता, एवढंच. पुढचं पुढे बघू, आणि बघूच.

आमच्याकडे नोव्हेंबरात हेच चालतं. पेन्शनर मंडळींनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो बोटाचा ठसा देऊन संगणकावरही देता येतो, पण आमच्या शाखेतल्या आजोबांना काउंटर आवडतो. अधूनमधून एखादा मुलगा वडिलांच्या वतीनं येतो. "बाबा ठणठणीत आहेत हो, मी सांगतो ना! घाला सही." बाबा ठणठणीत असतातही. तरी आम्ही त्यांना आणायला सांगतो, नाहीच येता आलं तर आमचा माणूस घरी जातो.

एक आजोबा मात्र स्वतः येतात. पासबुक भरायला ते तसेही रोजच येतात. या नोव्हेंबरात फॉर्म पुढे सरकवून त्यांनी मला विचारलं, "काय हो, मी वर्षभर तुमच्यासमोर बसलेला असतो. मी जिवंत आहे, हे तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय, म्हणून तर सही करतोय," मी म्हटलं आणि शिक्का मारला. "आता पुढच्या नोव्हेंबरात."

"तुमच्या तोंडात साखर पडो!" आजोबा म्हणाले, आणि पासबुकाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.